स्विफ्टला १६ चे मॅगव्हील घ्यायच्या आधी माप ताडून बघ

खानापूरच्या एका पोरानं विचारलंय. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचे टायर १६५/८० आर१४, लोखंडी डिस्क (रिम). ओळखीतला एकजण एलिट आय२० चे १६ इंची मॅगव्हील (अलॉय रिम) टायरसकट विकतोय, टायर १९५/५५ आर१६. दुकानदार म्हणाला, "चारच नट आहेत, बसतंय की, घे." तर दादा घेऊ काय, मीटर चुकेल काय, कुठं घासेल काय, आणि महिन्यातनं दोनदा चोर्ला घाटातनं गोव्याला जाणं असतंय तर काय त्रास होईल?

भावा, पैसे द्यायच्या आधी विचारलंस हे लई बरं केलंस. मी बेळगावात बावीस वर्षं टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट हेच काम करतोय आणि माझ्याकडं माणसं येतात ती बहुतेक मॅगव्हील बसवून झाल्यावर, स्टेअरिंग थरथरतंय म्हणून नाहीतर ब्रेकरवर गाडी घासायला लागली म्हणून, आणि तोपर्यंत जुने टायर डिस्क विकून मोकळे झालेले असतात. "चारच नट आहेत" हे ऐकून कधीच चाक घेऊ नको.

तुझ्या प्रश्नात दोन मापं एकात एक मिसळलीत ती आधी वेगळी करूया. एक टायरचं माप, म्हणजे चाक बाहेरून केवढं उंच होणार. दुसरं डिस्कचं माप, म्हणजे ते हबवर, गाडीच्या ज्या भागाला चाक लागतं त्यावर, नीट बसणार का आणि मडगार्डच्या आत किती, बाहेर किती राहणार. दुकानात बोलणं सगळं पहिल्याचं होतं आणि त्रास जास्त दुसऱ्यानं होतो.

पहिलं घे. १६५/८० आर१४ मध्ये १६५ ही टायरची रुंदी, मिमीमध्ये. ८० म्हणजे ८० मिमी नव्हे, रुंदीच्या ८० टक्के, आणि ती टायरच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल, १४ ही डिस्क इंचात. आता मोबाईल काढ आणि माझ्याबरोबर हिशोब कर. १६५ चे ८० टक्के १३२. भिंत वर एक, खाली एक, म्हणून २६४. डिस्क १४ गुणिले २५.४, झाले ३५५.६. बेरीज ६१९.६ मिमी, ही तुझ्या आत्ताच्या चाकाची पूर्ण उंची.

आय२० चा टायर घे. १९५ चे ५५ टक्के १०७.२५, दोन्ही मिळून २१४.५, डिस्क १६ गुणिले २५.४ म्हणजे ४०६.४, एकूण ६२०.९. फरक सव्वा मिमीच्या आसपास, म्हणजे नसल्यातच जमा. मीटर चुकणार नाही, गिअर जड हलके होणार नाहीत, गाडीचं पोट खाली येणार नाही. आणि कंपनी स्विफ्टच्या झेडएक्सआयला जो १८५/६५ आर१५ देत होती त्याचाही हिशोब करून बघ, ६२१.५ येतोय. १४, १५, १६ तिन्ही चाकं जवळपास एकाच उंचीची. डिस्क एक इंच वाढली की भिंत तेवढी खाली आणायची, बाहेरचा गोल तसाच ठेवायचा, याचंच नाव अपसाईज. नुसती डिस्क मोठी करणं नव्हे.

हे न बघता काय होतंय ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात हिंडलग्याकडनं एकजण आला, त्याची पण तुझ्यासारखीच १४ वाली स्विफ्ट, त्याला कुणीतरी १५ चे मॅगव्हील आणि १९५/५० आर१५ टायर घातले होते. दिसायला गाडी झकास, टायर रुंद. तक्रार काय, तर गावातल्या ब्रेकरवर खालनं घासतंय आणि मायलेज मात्र वाढल्यासारखं वाटतंय. मी हिशोब केला, ५७६ आला. ६१९.६ च्या जागी ५७६, म्हणजे ७ टक्के बारकं चाक. ४३ मिमीचा फरक, त्यातला निम्मा गाडीच्या उंचीतनं जातो, स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३, त्यातनं २२ गेले, राहिले १४१. मग ब्रेकरवर घासणारच. आणि मायलेज वाढलंच नव्हतं, चाक बारकं झालं की तेवढ्याच रस्त्याला ते जास्त फेरे मारतंय आणि किलोमीटर मोजणं चाकाच्या फेऱ्यांवरच चालतंय. मीटरवर १०० दिसतं तेव्हा गाडी खरी ९३ नं चाललेली असते. वर्षाला खरी १५,००० किमी चालवली तर मीटरवर १६,१०० च्या वर चढतात, म्हणजे अकराशे किमी न चालवता गाडीच्या नावावर पडले, विकताना तेवढी किंमत कमी आणि सर्व्हिसिंग तेवढी आधी.

उलटं केलं, चाक मोठं केलं, तर ते मी आणखी वाईट धरतो, कारण मग मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतो. कंपनी मीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवणारा ठेवते, तेवढी सुरक्षितता असते, ती आपण खाऊन टाकतो. मी स्वतः दोन टक्क्यांच्या बाहेर जात नाही. तीनपर्यंत जाणारे लोक आहेत, पण मला घाटातल्या गाडीला ते पटत नाही. कुणी तुला १६ वर २०५/५५ घाल म्हणेल, त्याची उंची ६३१.९, बरोबर दोन टक्के वर आणि वर दहा मिमी रुंदी जादा, ती स्विफ्टच्या मडगार्डात नको.

कागदावरच्या हिशोबावर विश्वास बसत नसेल तर खडूनं बघ. सपाट फरशीवर गाडी उभी कर, हवा बरोबर भर, टायरच्या तळाला आणि फरशीवर एकाच जागी खडूची रेघ मार, मग गाडी हळू ढकलून पाच फेरे पूर्ण कर आणि टेपनं अंतर मोजून पाचानं भाग. गाडीच्या वजनानं टायर खाली थोडा दबतो म्हणून हिशोबापेक्षा आकडा जरा कमी येतो. पण जुन्या आणि नव्या दोन्ही चाकांवर असं करून आकडे शेजारी ठेवलेस की खरं काय ते कळतंय. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांना मी हे करायलाच लावतो.

आता तुझ्या प्रश्नातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. उंची जुळली, पण भिंत बघ. तुझ्या १४ ला भिंत १३२ मिमी. १५ ला १२०. या १६ ला १०७. म्हणजे खड्डा आणि डिस्क यांच्यामध्ये जे रबर आणि हवा आहे त्यातली २५ मिमी गेली, अंगठ्याच्या रुंदीपेक्षा जास्त. तुझ्या चोर्ल्याच्याच वाटेवर पावसाळ्यात जांबोटी ते कणकुंबी रस्त्याची काय अवस्था असते ते तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस, पाणी भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळतच नाही, आणि तिथं ५० च्या स्पीडनं चाक आदळलं की भिंत पूर्ण दबून डिस्कच्या कडेला चिमटा बसतो. त्यात टायरच्या आतले दोरे तुटतात आणि दोन दिवसांनी भिंतीवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकायचाच, कुणी आतनं ठिगळ मारून देतो म्हणाला तरी ऐकू नको. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून जमवता येते, मॅगव्हीलला तडा जाऊ शकतो. कणकुंबीच्या पावसात अजून एक, टायर जितका रुंद तितका तो साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. १६५ वर जो स्पीड चालून जायचा तो १९५ वर, त्यात नक्षी झिजलेली असेल तर, चालत नाही. कायद्यानं गाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी लागते, पण घाटातनं पावसात जाणाऱ्याला मी ३ मिमीला टायर बदल म्हणून सांगतो.

नुसत्या हायवेवर, बेळगाव निपाणी कोल्हापूर असं फिरणं असतं तर १६ ला मी नको म्हटलं नसतं. रुंद टायर वळणात धरतो, ब्रेक पण कोरड्या रस्त्यावर बरा लागतो, ते खरंय.

आता डिस्क. इथं चार गोष्टी बघायच्या, आणि मॅगव्हीलच्या मागच्या बाजूला बहुतेक सगळं कोरलेलं असतं, विकणाऱ्याला ते पुसून फोटो पाठवायला सांग.

पीसीडी म्हणजे नटांच्या गोलाचा व्यास. स्विफ्ट आणि आय२० दोन्हीला ४ बाय १००. जुळतंय. पण चार नट म्हणजे १०० च असतंय असं नाही, ४ बाय ९८ असतंय, १०८ असतंय, ११४.३ पण असतंय. ९८ वालं १०० वर ओढून ताणून बसल्यासारखं होतं, नट आवळले जातात, पण चाक मधोमध बसत नाही आणि स्टडवर, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या बोल्टवर, कायमचा ताण राहतो. अशी गाडी मी रस्त्यावर सोडत नाही, वाईट वाटलं तरी चालेल.

दुसरं, मधलं भोक. हबचा मधला उंचवटा त्या भोकात नेमका बसला पाहिजे. स्विफ्टचा हब ५४.१ मिमी, आय२० चं भोक पण ५४.१, म्हणजे तुझं नशीब इथं चांगलं आहे. बाहेरचे नवे मॅगव्हील मात्र बऱ्याचदा मोठ्या भोकाचे येतात, म्हणजे कुठल्याही गाडीला लावता यावेत. दोन वर्षांपूर्वी एक गाडी आली, काकती सोडून हत्तरगी टोलकडं जाताना ८० ला स्टेअरिंग थरथरायचं, ९० ला आरसा हलायचा. तीन ठिकाणी बॅलन्सिंग करून झालेलं, डिस्कला आतनं शिशाचे तुकडे एकावर एक चिकटवलेले. मी मशीनवर चढवलं तर शून्य. परत गाडीला लावलं तर थरथर. मग चाक उतरवलं, हब फडक्यानं पुसला, व्हर्नियर लावला, ५४.१. मॅगव्हीलच्या भोकाला लावला, ६७.१. तेरा मिमीचा फरक, म्हणजे हबच्या चहूबाजूला साडेसहा मिमी मोकळं, करंगळीचं टोक आत जाईल एवढं. ते चाक नुसतं नटांवर लटकलेलं होतं आणि दर वेळी आवळताना केसभर इकडं नाहीतर तिकडं बसत होतं. ६७.१ बाहेरून आणि ५४.१ आतून अशी रिंग मिळते, हबरिंग म्हणतात, चार रिंगा घातल्या, सगळं जुनं शिसं काढून परत बॅलन्स केलं, आणि त्याच संध्याकाळी त्या माणसाचा वंटमुरी घाट उतरून फोन आला की स्टेअरिंग एकदम शांत. चाळीस मिनिटांचं काम. त्यासाठी तो बिचारा चार महिने दुकानं फिरत होता.

तिसरं ऑफसेट, मागं ईटी म्हणून आकडा कोरलेला असतो, आणि रुंदी इंचात, जे म्हणून. हे लोकांना अवघड वाटतं पण साधं आहे. डिस्कच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे तो ईटी. आकडा जितका कमी तितकं चाक मडगार्डच्या बाहेर येतंय. समजा जुनी डिस्क साडेपाच जे, ईटी ४५. नवी साडेसहा जे, ईटी ३८. साडेपाच इंचाचा निम्मा ६९.८५, त्यातनं ४५ गेले, बाहेरची कड हबपासून २४.८५ वर. साडेसहाचा निम्मा ८२.५५, त्यातनं ३८ गेले, ४४.५५. म्हणजे चाक जवळपास २० मिमी बाहेर आलं. आतल्या बाजूला वजाबाकीऐवजी बेरीज कर, ११४.८५ आणि १२०.५५, म्हणजे आत पण पावणेसहा मिमी सरकलं, शॉकअपकडं. तुझ्या जुन्या डिस्कवरचा आणि त्या मॅगव्हीलवरचा खरा आकडा घालून हाच हिशोब कर. बाहेर दहा मिमीच्या वर जायला लागलं तर मला नको वाटतंय, मडगार्डला घासण्याची गोष्ट वेगळी, पण बेअरिंगवर पण भार वाढतो आणि स्टेअरिंग खड्ड्यात हात सोडवायला लागतं.

चौथं नट, आणि इथं तू फसू शकतोस म्हणून नीट वाच. दोन्ही गाड्यांचे नट १२ मिमीचेच, पण स्विफ्टचे आटे १.२५ चे आणि आय२० चे १.५ चे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर मिमीत. विकणारा प्रेमानं "नट पण घेऊन जा" म्हणेल. तो नट तुझ्या स्टडवर दोन आटे हातानं जाईल, मग अडकेल, आणि कुणी पोरानं नट आवळायच्या गनवर धरून मारला की स्टडचे आटे गेले. नट तुझ्या गाडीचे किंवा स्विफ्टच्या मापाचेच वापर, आणि नटाचं बूड मॅगव्हीलच्या खाचेसारखंच आहे ना बघ, निमुळत्या खाचेत निमुळता, काही गाड्यांच्या डिस्कला गोल बुडाचा लागतो. दोन्हीची अदलाबदल केली की नट घट्ट वाटतो पण टेकलेला असतो नुसत्या कडेवर. पहिले तीन चार आटे नेहमी बोटांनी फिरव, पाना नंतर.

वजनाचं पण बघायला विसरू नको. मापाच्या पुढं ८५ टी, ८७ एच असं काहीतरी असतंय. आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. तुझ्या जुन्या आकड्याच्या खाली कधी जायचं नाही. त्या हिंडलग्याच्या गाडीच्या टायरवर ८२ होता, ४७५ किलो, म्हणजे चार चाकांत मिळून १६० किलोची ताकद कमी, आणि गाडीत लग्नाला पाच माणसं आणि डिकीत सामान. अक्षर स्पीडचं, टी १९०, एच २१०, ते आपल्याला भरपूर आहे.

जुना माल घेतोयस तर टायरवर चार आकडे बघ, आधीचे दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच सहा वर्षांच्या पुढचा टायर नक्षी कितीही चांगली असली तरी धरू नको, त्याची किंमत शून्य धरून फक्त डिस्कचा भाव कर. आणि डिस्क आतल्या बाजूनं बघ, बाहेरून पॉलिश करून सगळेच चमकवतात. आतल्या कडेला वेल्डिंगचा गाठाळ पट्टा, नवीन रंगाचा डाग दिसला तर सोडून दे. पैसे द्यायच्या आधी चारही डिस्क कुठल्याही बॅलन्सिंग मशीनवर नुसत्या फिरवून बघ, वाकलेली असेल तर कड वरखाली नाचताना डोळ्याला दिसते.

घेतलंसच तर आधी एक पुढचं आणि एक मागचं चाक लाव. पुढं ब्रेकच्या कॅलिपरवर शाडूचा बारका गोळा चिकटव, गणपतीच्या दिवसांत उरलेली माती घरात असतेच, चाक लावून हातानं एक फेरा फिरव आणि काढून बघ, माती दबून तीन चार मिमीपेक्षा पातळ झाली असेल तर ती डिस्क नको. मग गाडी खाली घेऊन स्टेअरिंग दोन्हीकडं फुल कट मार, आणि मागं चार माणसं बसवून एखाद्या ब्रेकरवरनं ने. रिकाम्या गाडीला न घासणारं चाक भरल्या गाडीला घासतंय.

स्टेपनी जुनी १४ चीच राहू दे. उंची जुळतीय म्हणून चालेल. पण मॅगव्हीलला लांब नट घेतले असशील तर लोखंडी डिस्कला लागणारे जुने चार नट डिकीत टाकून ठेव, नाहीतर रात्री चोर्ल्यात स्टेपनी हातात आणि नट बसेना अशी वेळ येते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलंय. म्हणून मी गिऱ्हाईकाला त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीनं जे माप दिलंय तेच घे म्हणतो, वाद राहत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मापं आणि हवा दोन्ही लिहिलेलं असतंय.

याच निमित्तानं बोलेरोवाल्यांना पण सांगतो, कारण ऊस सुरू झाला की चिकोडी निपाणीकडनं हा प्रश्न हमखास येतो. २१५/७५ आर१५ च्या जागी २३५/७५ आर१५ घातला की उंची ७०३.५ वरनं ७३३.५ होते, सव्वाचार टक्के. गाडी उंच, रुबाबदार दिसते, पण प्रत्येक गिअर तेवढाच जड झाला, चढाला भरलेल्या गाडीला क्लच जास्त धरावा लागतो, आणि मीटरवर १०० असताना गाडी १०४ नं पळत असते. दिसण्यासाठी क्लचप्लेट लवकर घालवायची असेल तरच करा.

आता तुझं. ते आय२० चे १६ कागदावर बसतात, पीसीडी, भोक, उंची सगळं जुळतंय, ईटी आणि आटे बघून घेतलेस तर गाडी चालेल. पण तुझा रस्ता चोर्ल्याचा आहे म्हणून मी तुला १६ घे म्हणणार नाही. झेडएक्सआयचे कंपनीचे १५ चे मॅगव्हील शोध, १८५/६५ आर१५, नवीन गाडी घेऊन लगेच १६, १७ घालणारी पोरं ते काढून विकतात. भिंत १२० मिळेल, नट, हब, ऑफसेट कशाचाच हिशोब करावा लागणार नाही, आणि जुन्या १४ पेक्षा वळणात गाडी नक्की बरी धरेल. तेही नाही मिळालं तर आहे त्याच १४ च्या डिस्कवर चांगले नवीन टायर टाक, पावसाळा काढ, घाई काय आहे.

जे लावशील ते, अलाइनमेंट करून घे, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या ठरलेल्या जोराला, टॉर्क पान्यानं आवळून घे, गनवर सोडू नको, आणि पहिल्या ५० ते १०० किमीनंतर परत एकदा आवळ. मॅगव्हील नवीन बसल्यावर नट जरा ढिले होऊ शकतात. खानापुरातनं बेळगावला येऊन जाशील तेवढ्यात ते अंतर होतंय, येताना चाकं गार झाल्यावर दुकानात ये, पाना लावून देतो. आणि जुन्या लोखंडी डिस्क लगेच विकू नको, एक पावसाळा घरात राहू देत.